जुलैचं शिबिर, फेरो बेटं

मार्चपासूनच स्वयंपाकघरातल्या टेबलावर
जुलै पसरून बसलेय.
एकतीस मुलं. दुपारचं माशाचं सूप
ब्योर्ग करते म्हणालीय,
पण तिच्या गुडघ्यांचं काही खरं नाही.

चेंडू चाळीस. छे, साठ.
मैदानाला तीन बाजूंनी डोंगर, चौथीला समुद्र;
वारा फिरला की चांगला फटकाही
थेट लाटांत.
हानुस होडी घेऊन थांबायचा,
चेंडू वेचायचा, नावं घेऊन शिव्या हाणायचा.

यंदा त्या रकान्यात नुसती रेघ.

आज त्याच्या मुलीचा अर्ज आला.
वय अकरा. गोलरक्षक.
‘आजार, ॲलर्जी’पुढे
पेन्सिलीनं, खोडून पुन्हा लिहिलेलं :
होडी मला चालवता येते.

साठ खोडले. चाळीस.
खाली लिहिलं,
लाइफजॅकेट एक, लहान मापाचं.