तिसऱ्या धुण्यानंतर

शहापूरच्या सराफ गल्लीत, दुकानं उघडायच्या आत,
आप्पा पायऱ्यांखालची धूळ केरसुणीनं ओढायचा,
गटारीतला काळा गाळ पत्र्याच्या डब्यात भरायचा
आणि पोतदाराशी कन्नडात भाव ठरवायचा:
महिन्याचा गाळ, रोकडा, उधारी नाही.
घरी येऊन भांडायचा मात्र मराठीत.

मी आता नेहरूनगरच्या चढावर, चौथ्या मजल्यावर,
पांढऱ्या कोटात तेच करते.
माझा गाळ एका थेंबात मावतो.
त्यात शंभर कोटी फेज,
जिवाणूंवर पोसणारे विषाणू, सुताच्या तुकड्यासारखे,
प्रत्येकाच्या टोकाला एक निराळा हात
आणि पोटात त्याच हाताची कृती,
जनुकाच्या चिठ्ठीत घडी घालून ठेवलेली.
हे सोन्याला जमत नाही.
आप्पाच्या कणावर कधी लिहिलेलं नसायचं
की ही नथ होती,
की कुणाच्या मंगळसूत्राचा झिजलेला मणी.

थाळीच्या खळग्यांत मी अंथरलं
घोणशीच्या विषातलं एक प्रथिन,
खानापूरकडं भातकापणीत
पायाची बोटं काळी पाडणारं.
रिकाम्या जागा दुधाच्या भुकटीनं बुजवल्या.
वर गाळ ओतला. तासभर हलू दिला.
मग धुतलं. दहा वेळा, साबणाच्या पाण्यानं.
ज्यांचा हात नुसता टेकला होता ते वाहून गेले.
उरले त्यांना आम्लाच्या दोन थेंबांत सोडवलं,
जिवाणूंना पाजलं,
आणि सकाळपर्यंत एकाचे कोटी झाले.

शिवलीला हुक्केरी याला नुसतं 'अंटु' म्हणते.
डिंकाला तोच शब्द, फेविकॉलला तोच, नात्यालाही.
मी चिकटणं म्हणते.
बिर्जे सर दोन्ही खोडून
वहीत तिसरंच काही लिहितात.

तिसऱ्या धुण्यानंतर आकडा हजारपट चढला.
आम्ही कुंदा मागवला, अर्धा किलो.

मग चिठ्ठ्या उघडल्या.
वीसातल्या सतरांत तोच मजकूर.
शिवलीलानं तो फेज कोऱ्या थाळीत घातला,
जिथं विष नव्हतं, काहीच नव्हतं,
आणि तिथंही तो तसाच बसला, गच्च.
सहा आठवडे आम्ही निवडत होतो
प्लास्टिक धरणारे हात.
कुंद्याचा डबा तसाच फ्रीजमध्ये.

आप्पाला सांगितलं तर हसला.
"पितळ की गे.
पितळ बी तळालाच बसतंय.
लोहचुंबक फिरवलीस काय आधी?
लोखंडाचा कीस काढल्याबिगर
मी परातीत पाणी घालत नव्हतो.
सोनं नंतर हुडकायचं.
सोनं नाही ते आधी काढ."

बोलताना त्याच्या बशीत कप वाजत होता.
चाळीस वर्षं त्यानं उघड्या हातानं पारा कालवला.
पारा गाळातलं सोनं धरतो
आणि विस्तवावर सोडून देतो.
आप्पाला धरलेला पारा
कुठल्याच धुण्यानं सुटला नाही.
चहा बशीत सांडला, तो त्यानं बशीनंच प्यायला.
मी खाली बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कोरी थाळी आधी.
तिला चिकटले ते सगळे नाळीत.
जे कुठंच चिकटले नाहीत
तेवढेच पुढं विषावर ओतले.
पुन्हा एक, पुन्हा दोन, पुन्हा तीन.
या वेळी आकडा चढला नाही फारसा.
शिवलीला म्हणाली, गेलं.
पण चौदा नंबरचा एक,
कोऱ्या थाळीत गप्प,
विषाच्या खळग्यात थोडासा पिवळा.
थोडासाच. पुन्हा करून बघितलं. पुन्हा पिवळा.
कुपीवर तिनं कन्नडात नाव घातलं,
मी खाली मराठीत,
आणि उणे ऐंशीत ठेवून दार लावलं.

रात्री आप्पानं विचारलं, "घावलं काय? किती गुंजा?"
म्हटलं, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही.
त्यानं थरथरता अंगठा तर्जनीवर घासला,
कणाचा चुरचुरीतपणा बघताना घासायचा तसा.
"मग खरं असंल," म्हणाला.