अकरा घरटी समुद्रात

स्टेनवोरचा फोन आला मंगळवारी, जेवणाच्या वेळेला.
"पंचेचाळीस वर्षं आयडर बदकांची घरटी मोजतेय.
समुद्रात एकही नव्हतं.
तुझ्या नकाशात अकरा आहेत."

उघडून पाहिलं. खरंच की.
ड्रोनने वरून टिपलेलं तिचं बेट,
काळा खडक, पिवळट गवत,
आणि माझे लाल ठिपके बेट सोडून
उत्तरेच्या पाण्यात तरंगत.

दोष माउसचा नव्हता.
(तिच्या भाषेतही तो उंदीरच,
आणि बेटावर उंदराला ती थारा देत नाही.)
तो बिचारा दर वेळी खरं सांगत होता:
खिडकीच्या कोपऱ्यापासून इतका उजवीकडे, इतका खाली.
त्यातून चित्राची कड वजा करायची
म्हणजे कळतं, बेटावर नेमका कुठे.
मी केली होती वजा.
पण कड मोजली एकदाच, पान उघडताना,
आणि तेच माप धरून बसलो.
तिने पान सरकवलं, चित्र वर गेलं,
माझा आकडा जागचा हलला नाही.

मीही असाच.
फ्योर्डच्या काठी सहा वर्षं झाली,
अजून प्रत्येक अंतर लुब्लिनपासून मोजतो.

दुरुस्ती दोन ओळींची.
माउस हलला की कड पुन्हा मोज.
तरी ती म्हणाली, "ये. डोळ्यांनी बघ."

शनिवारी होडीतून गेलो.
वारा असा की शब्द तोंडातच परत येत होते.
ती वाकून चालत होती, हातात गोणपाट,
पडक्या नावेपासून पावलं मोजत: नऊ, दहा,
चौदाव्यावर दगडाआड बदकीण,
हलली नाही, नुसती बघत राहिली.
स्टेनवोरने तिच्या पोटाखालची मऊ पिसं
मूठभर काढली, मूठभर ठेवली.

"वीसवर होतं ना हे? वहीत तसंच लिहिलंय."

"नाव सरकली जानेवारीच्या वादळात.
सहा पावलं. बदकिणीला काय त्याचं?"

मी काही बोललो नाही.
परतताना तिने विचारलं,
तुझा तो उंदीर बेटाच्या डावीकडे गेला तर?
म्हटलं, आकडा शून्याच्या खाली जातो. वजा बारा, वजा चाळीस.
"म्हणजे हरवत नाही."
नाही, म्हटलं.

तिने वल्हं फिरवलं.
धक्क्यावर कुणीच नव्हतं.
तिचा केटिल असायचा पूर्वी, दोर झेलायला.
दोर तिने स्वतःच फेकला,
एकदा चुकला, मग बसला.