गुणपत्रक, ब गट

चिऱ्याची खाण बंद पडली तेव्हा
तळाशी तांबडी भुकटी उरली, घोटाभर.
तिच्यावर पाणी मारून, रोलर फिरवून
मिठगवाण्याच्या पोरांनी अंड्यासारखी वाट काढली.
चार गाड्या, चार फेऱ्या, डावीकडेच वळायचं.
ब्रेक नाही. गिअर एकच.
पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक.
चौथ्याला शून्य, पण तेही मी लिहिते,
मोकळी चौकट सोडत नाही.

आठवडाभर मी सोसायटीत रेशनचा तांदूळ मोजते,
रविवारी गुण.
प म्हणजे पडला, बं म्हणजे बंद पडली,
व म्हणजे पंचांनी वगळला.
कागदावर धूळ बसली तर फुंकायची.
ओल्या हाताने पुसलं
की शाई आणि खाण एक होतात.

भातं झोडून झाली नि हंगाम सुरू झाला.
पाचलला हरलो.
कुडाळला हरलो, तिथे तर एक गाडी टेम्पोतून उतरेचना.
देवगडवाले आमच्याकडे येऊन हरून गेले,
त्या रात्री खाणीच्या कडेला कोंबडी-वडे
आणि बाबल्या मेकॅनिक स्पार्क प्लग कानाला लावून
रत्नागिरीशी फोनवर बोलत होता,
"अ गट काय? जागा आसा काय?"

जागा होती, पण एकाचीच.
इमाद सोलकर आमचा तीन.
सुटतानाच पुढे, पाठीमागे तांबडा पिसारा.
माघात त्याला नेलं.
जाताना डाव्या बुटाचा लोखंडी तळ
तो जगू तिर्लोटकरला देऊन गेला.
दीड बोट मोठा. जगूने आत काथ्या भरला.

जगू म्हणजे एक.
आंब्याच्या पेट्या ठोकतो,
खिशात बारीक चुका घेऊनच शर्यतीला येतो.
वळणावर हँडल उजवीकडे, गाडी डावीकडे,
तळ भुकटीवरून घासत जातो,
कातळावर कोयता परजावा तसा आवाज.
मागचं चाक पुढे यायला बघतं,
तो त्याला येऊ देतो, थोडंच.
कुणाला मागे टाकताना मी त्याला पाहिलेलं नाही,
कुणीतरी एक मागे राहतं एवढंच.
त्याच्या ओळीत १, १, १, प, १,
दोरीला गळ बांधत जावेत तसे.

शेवटची शर्यत लांज्याशी, वैशाखात, आंब्याच्या घाईत.
जगू रात्रभर ठोकून आलेला, अंगठ्याला चिंधी.
पंधराव्या फेरीआधी एकेचाळीस–बेचाळीस.
लांज्याचा एक पोरगा पेंढ्यांच्या कुंपणात घुसला,
उठून हात हलवला, चला पुढे.
आणि शेवटच्या वळणाच्या अलीकडे
जगूची चेन तुटली.
पुढचे दोघे पोचले, लांज्याला तीन, आमच्या गिरीधरला दोन.
त्रेचाळीस–पंचेचाळीस.
लोक उठून ढुंगणाची माती झटकायला लागले.

खाली जगू उतरला,
हँडल धरलं
आणि ढकलायला लागला.
एका पायात लोखंड. खण्, धप्. खण्, धप्.
सत्तर मीटर असेल.
मध्ये एकदा थांबून खोकला.
निघालेली माणसं अर्ध्या चढावर उभी राहिली,
कुंपणातला पोरगाही पेंढ्यात बसून बघत होता,
कानात गवत.
पंचांनी घड्याळ बघितलं. नियमात बसत होतं.

रेषा ओलांडून त्याने गाडी आडवी सोडली
आणि माझ्या टेबलाशी आला.
"लिवलंस?"
लिहिलं.
दोनाने हरणार होतो, एकाने हरलो.

सहा संघांत सहावे.
जगूचे हंगामाचे गुण सत्तावीस,
त्यात एकही दोन नाही. मी तीनदा तपासलं.
मूळ पत्रक मंडळाला गेलं, नक्कल माझ्याकडे आहे,
तांदळाच्या वहीत.

खाणीत आता पुरुषभर पाणी.
पोरं पोहतात, गोल गोल.
बघत बसलं तर कळतं,
सगळी डावीकडेच वळतायत.