बेटावरचा

येलदरीच्या पाण्यातून सटवाजी भोयानं
थर्माकोलच्या तराफ्यावर आणलं मला.

आज सातवा. दगडाखाली, हरभऱ्याएवढा,
काळ्या पाठीला तांब्याची कड.
पंख आहेत, पण जुळून गेलेले. उघडतच नाहीत.
"जगात दुसरीकडं कुठंच नाही हा," मी म्हटलं.

"मंग हितं कसा आला?"

आला नाही.
ही टेकडी होती, बोरखडीचं गायरान.
पाणी आलं.

सटवाजीनं बिडी काढली, पेटवलीच नाही.
वल्ह्यानं खाली दाखवलं, हिरव्या गढूळात:
"तिथं आमची चूल व्हती.
आमाला निदान नोटीस तरी आल्ती."

वहीत नावाचा रकाना अजून कोरा.
शेळ्या गेल्या कधीच;
सशाची लेंडी मागच्या पायांनी लोटत
भुंगा उलटा चालला होता
पाण्याच्या कडेकडेनं.