घरचा

लेम्स्टरच्या पुढे, सफरचंदांच्या बागेमागे
ग्वेंडा प्रॉसरचं स्वयंपाकघर.
टेबलावर रबरी चटई, तिच्यावर आठ आठवड्यांचं पिल्लू
चौकोनी उभं केलेलं.
अंगठ्याने ओठ उचलून ती दात बघते,
घोटा चाचपते, पाठीवरून तळवा फिरवते, बोलत काही नाही.

लाल लोकरीची कार्डिफला जाणार, रिंगणात.
निळा तिच्यापाशीच. "बघू वर्षभर."
हिरव्याचा खालचा जबडा
गव्हाच्या दाण्याएवढा पुढे.
"हा घरचा," ती म्हणाली.

मग वळली माझ्याकडे.
कुंपण किती उंच? दुपारी कोण असतं?
याआधीचा कशाने गेला?
मी उभी, नकळत चौकोनी.
याआधीचा नव्हताच कधी, हे सांगताना
जीभ दातांवरून फिरली.

कागदावर शिक्का: प्रजननासाठी नाही.
शब्द ओळखीचा होता. मी पुढचं वाचलं.

चार दिवसांचा शिधा, आईच्या वासाचं फडकं,
"नाहीच जमलं तर
दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. इथे आणायचा."
दाराशी येऊन तिने हिरवी लोकर कापली,
एप्रनच्या खिशात टाकली.

गाडीत तो रडला नाही.
मीच दोनदा थांबले,
बघायला.