काळी चार

कामठीला हजार विड्यांमागे काय मिळायचं
ते भिवराबाईनं कधी सांगितलं नाही.
सांगायची एवढंच, की मांडीवर तेंदूपानांचं सूप असलं
की पाय हलवता येत नाही,
म्हणून ताल आधी मानेत आला, मग गळ्यात.

मी तेव्हा पाचपावलीत पेट्या दुरुस्त करायचो.
एका बारशाला बोलावणं आलं. माइक नव्हता, कूलर होता.
कूलरच्या घरघरीवरून तिचा आवाज
मागच्या गल्लीत गेला, तिथला एक म्हातारा
बनियनवरच उठून आला,
"कोण गाऊन राहिलं बाप्पा?"
मी सूर शोधला. काळी चार.
पुढं अठ्ठावीस वर्षं तिथून बोट हललं नाही.

मौदा, उमरेड, भिवापूर, तुमसरच्याही पलीकडे,
ट्रकच्या फाळक्यावर सतरंजी, हॅलोजनभोवती किडे.
एकदा तानेत किडा तोंडात गेला.
तिनं गिळला आणि समेवर आली.
पुरुष दहाची नोट द्यायचे, माइकवरून नाव पुकारून घ्यायचे.
बायका पदराची गाठ सोडून पाचाची, न बोलता.
हिशेब माझ्याकडे. म्हणायची,
"पाचाच्या येगळ्या ठेवजो. ते घरचे हायेत."

सत्याऐंशी साली इतवारीच्या शेठनं कॅसेट काढली.
चार तासांत आठ गाणी, मधे एक चहा.
कव्हर छापून आलं, तर त्यावर भलतीच कोणी,
गोरी, नथवाली, पेटीला रेलून बसलेली,
आणि पेटी उलटी.
माझं नाव नव्हतंच, ते सोडा.
शेठ म्हणाला, आधी चेहरा खपतो, आवाज मागून.
भिवरा बराच वेळ फोटो बघत राहिली.
"पोट्टी चांगली हाय," म्हणाली,
"हिले गाता येते का?"

पवनीच्या जत्रेत लोक भडकले.
ही ती नाही! फोटोवाली आणा!
एकानं चप्पल उगारली.
तिनं माइक बाजूला सारला.
पहिल्या ओळीला चप्पल खाली आली.
दुसरीला त्यानं ती पायात घातली.
अंतरा संपता संपता तो मंचाशी आला,
दोन्ही काढून.

पुढचं लवकर संपतं.
डीजे आला. ढोलकीवाला नामदेव गेला,
मुलगा हिंगण्याला कंपनीत लागला.
मानधनाच्या अर्जाला पुरावा पाहिजे होता
कलावंत असल्याचा. तिनं कॅसेट जोडली.
बाबूनं कव्हर पाहिलं, मग तिला पाहिलं,
मग जेवायची सुट्टी झाली.

आता टिमकीच्या त्या बोळात सकाळी सातला
कचऱ्याची गाडी येते.
ओला वेगळा, सुका वेगळा,
आणि मधे तिचंच कडवं. कुणी उचललं, कुठून, कोणास ठाऊक.
मी एकदा मुक्कामाला होतो. बघतो तर
सगळ्यांच्या आधी ही बादली घेऊन उभी.
ड्रायव्हर पोरगा, कानात वायरी.
तिनं काचेवर टकटक केलं.
मला वाटलं, आता सांगते.
"बाळा, काळी पाचात पळवून राहिला तू.
काळी चारची बाई होती ते. जरा हळू कर."
"मावशी, मशीनच तसं हाय."

गाडी वळली.
बादली हातात तशीच, भरलेली.
मान मात्र हलत होती.