तू जप

खोली दाखवताना घरमालक म्हणाले होते,
हवेशीर आहे, सकाळी सहाला पाणी,
आणि दुसरी बाई फार शांत.
होती शांत. दिवसभर.

यमुनाताई अहिरराव, मूळ नामपूरच्या,
मेन रोडवरच्या दुकानासाठी फॉल-पिको करतात,
बोलतात तेही हातशिलाईसारखं, मोजकं, आतल्या बाजूने.
साडेदहाला दिवा घालवतात
आणि दहा पस्तीसला आमच्या हिरावाडीत
कसाऱ्याचा घाट सुरू होतो.
पुढे एक इंजिन, मागून ढकलणारी दोन,
इगतपुरी काही येत नाही.

मी अंबडला कारखान्यात बेअरिंगं तपासते.
कुठलं किती थरथरतं ते लिहून सही करायची.
पहिल्या आठवड्यात मी ताईंनाही नापास केलं.
कापूस घातला. डोक्यावर उशी घेतली.
खाट ओढत न्हाणीघराच्या दाराशी नेली,
तिथे नळ ठिबकत होता, तो त्यातल्या त्यात बरा.
एकदा टाळी वाजवली,
एकदा पालीसारखी चुकचुकले,
एकदा मुद्दाम तांब्या पाडला.
ताई कुशीवर वळल्या, म्हणाल्या, मांजर असेल,
आणि घाट पुन्हा पायथ्यापासून.

घोरणं एक वेळ सोसलं असतं.
ते मध्येच थांबायचं.
सात, आठ, नऊ...
आग्रा रोडवरून ट्रक जायचा एखादा,
बारा. तेरा.
ज्या आवाजाला रात्रभर शिव्या घातल्या
त्याचीच वाट बघत अंथरुणात उठून बसलेली मी.
मग घशातली कडी निघाल्यासारखी
आणि बाई परत रुळावर.
मीही श्वास घ्यायचे. चिडून.

शेवटी एका सकाळी चहा गाळताना बोलले.
चांगलं बोलले नाही.
त्या गाळणीकडे बघत राहिल्या, चोथा थंड होईपर्यंत.
संध्याकाळी आले तर त्यांच्या गाऊनला
पाठीवर खिसा शिवलेला, आत रबरी चेंडू,
वर बटण. काज काय सुरेख केलं होतं.
उताणी पडले की टोचेल, म्हणाल्या.
दोन रात्री टोचला.
तिसऱ्या रात्री चेंडूवरसुद्धा गाढ.

मग त्या बाहेर बसू लागल्या.
डिसेंबरातली नाशिकची थंडी, लोखंडी जिना,
जिन्यावरचा पिवळा बल्ब, मांडीवर कुणाची तरी साडी.
दार ओढून घेताना म्हणायच्या, "तू जप."
मला वाटायचं, जिवाला जप म्हणतायत.
आमच्याकडे देवरुखला एसटी सुटताना
खिडकीपाशी येऊन असंच सांगतात.
महिन्याने कळलं, त्यांच्या अहिराणीत
जप म्हणजे झोप.
तू झोप आधी, मग मी येते. एवढंच.

पण दाताने दोरा तोडल्याचा आवाज
काचेतून आत येतो, आणि तो घोरण्याहून मोठा असतो.
बारा वाजले. साडेबारा.
त्या माझी वाट बघतायत, मी त्यांची,
आणि मध्ये एक दार, नुसतं लोटलेलं.

काय करणार. डोळे मिटले
आणि घोरले.
आधी बिचकत, शिट्टीसारखं,
मग त्यांचंच ऐकून ऐकून पाठ झालेलं,
पुढे एक, मागून दोन.

त्या आल्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून
एका हाताने दुसऱ्या हातावर दाबून धरलेल्या.
माझी घसरलेली गोधडी वर ओढली.
पाचच मिनिटं.
मग खरा घाट लागला, मी खोटा थांबवला.

सकाळी बशीत चहा ओतताना
ताई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.
"तूबी घोरतेस गं. चांगली घोरतेस."
असेल, म्हटलं.

सोमवारी सिव्हिलला कान-नाक-घशाचे डॉक्टर असतात.
अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.
ताईंना सांगितलंय, माझाच घसा दाखवायचाय,
एकटीला भीती वाटते, सोबत चला.
तेरा हा आकडा
चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलाय.
खाली सही केली नाही.